जखमी माणसाला विमा कंपनीचे नाव कळू द्या
महाराष्ट्रातून संसदेत गेलेल्या सर्व खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार,



महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 जण जातात. विमा हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. त्यामुळे मी जे मागणार आहे ते मुंबईच्या विधानभवनात होण्यासारखे नाही, दिल्लीतच व्हायला हवे. म्हणून हे पत्र पक्ष न पाहता आपल्या सर्वांना लिहीत आहे.

मागणी अशी आहे. दुसऱ्याच्या हयगयीमुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याने लेखी विचारले की समोरच्याने उत्तर दिलेच पाहिजे: तुमचा जबाबदारी विमा आहे का, कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, आणि झालेल्या अपघाताची खबर तुम्ही कंपनीला दिली का? हे उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळावे आणि दिले नाही तर त्याचा दंड भरावा लागावा, असा कायदा करा.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. मोटार अपघाताचे दावे आणि नुकसानभरपाईचे दिवाणी दावे हेच माझे बहुतेक काम. दोन्हीकडे माणसे तीच, दुखणे तेच. मात्र वाहनाखाली सापडलेल्या माणसाला कायद्याने विचारण्याचा हक्क दिला आहे आणि छताखाली, लिफ्टमध्ये किंवा फलकाखाली सापडलेल्याला दिलेला नाही. हा फरक का असावा, याचे पटेल असे उत्तर मला आजवर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेले नाही.

जबाबदारी विमा हा विम्यातला वेगळाच प्रकार आहे. आयुर्विमा स्वतःच्या माणसांसाठी, आरोग्य विमा स्वतःच्या दुखण्यासाठी. जबाबदारी विमा काढणारा हप्ता भरतो तो आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई कंपनीने करावी म्हणून. म्हणजे पैसे शेवटी ज्याच्या हातात पडायचे, त्याची पॉलिसीवर सही नसते, त्याला पॉलिसी दाखवली जात नाही आणि ती आहे हेही कळवले जात नाही. विमा नियामकाने ग्राहकहिताचे जे नियम केले आहेत ते पॉलिसीधारकाला समोर ठेवून केलेले आहेत. विमा लोकपालाची व्यवस्थाही त्याच्याच तक्रारींसाठी उभी राहिली. तिसऱ्या माणसाची आठवण या साऱ्या रचनेत मुख्यतः मोटार विम्यापुरती ठेवली गेली.

मोटारीचा कायदा काय सांगतो ते आधी लिहिते, कारण माझी मागणी त्यातच पेरलेली आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातच असे कलम होते की ज्याच्यावर दावा सांगितला जातो त्याने दावा सांगणाऱ्याला विम्याची माहिती नाकारू नये. 1988 च्या कायद्यात ते राहिले. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते 152 वे कलम झाले. विमा आहे का, होता का, कंपनीने तो रद्द केला का, हे सांगणे भाग आहे. विमाधारकाचे दिवाळे निघाले असेल तर पॉलिसी, हप्त्याच्या पावत्या आणि इतर कागद पाहू देण्यापर्यंत आणि नकला करू देण्यापर्यंत ही जबाबदारी जाते. पॉलिसीत मालक आणि कंपनी काहीही लिहोत, रस्त्यावर जखमी झालेल्याला माहितीचा हक्क आहे, हे आपल्या संसदेने कधीच मान्य केले आहे.

1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत द्यायचा, सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा, आणि जखमीला किंवा मृताच्या वारसांना त्यांचे हक्क सांगणारा छापील नमुना 10 दिवसांत हातात द्यायचा. कंपनीने दाव्यांसाठी अधिकारी नेमायचा. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात याची अंमलबजावणी कशी व्हावी याचे सविस्तर निर्देश दिले. शिवाय विमा माहिती ब्यूरोने अशी सोय केली आहे की वाहनाचा क्रमांक आणि अपघाताचा तपशील भरला की विमा कोणाचा ते शोधता येते.

कागदावर हे सुरेख आहे. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेकांनी मात्र तो हक्कांचा नमुना पाहिलेलाच नसतो. त्यांच्या पिशवीत पंचनाम्याची पुसट झेरॉक्स असते, दवाखान्याची बिले असतात आणि मोबाइलमध्ये गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो असतो. विमा कंपनीचे नाव विचारले की ते म्हणतात, ‘ते साहेब सांगतील.’ साहेबांची बदली झालेली असते. त्याच 2022 पासून न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. मुदत कमी केली तर माहिती तितक्याच तातडीने हातात पडायला हवी होती. तरीही मी मोटारीच्या कायद्याला नावे ठेवणार नाही. त्याच्या आधाराने निदान भांडता येते.

आता दुसरीकडची गोष्ट ऐका.

माझ्याकडे एका आचाऱ्याची बायको आली होती. नवरा लग्नाच्या स्वयंपाकाला गेला असताना मंगल कार्यालयाच्या भटारखान्यातल्या छताचा तुकडा त्याच्या कमरेवर पडला. तो कार्यालयाचा नोकर नव्हता, केटररने रोजावर आणलेला माणूस. मणक्याचे ऑपरेशन झाले, पण मोठी पातेली उचलण्याचे दिवस संपले. कार्यालयाचे मालक दवाखान्यात येऊन गेले, फळे ठेवून गेले, ‘बघतो, करतो’ म्हणाले. मी नोटीस पाठवली. त्यांच्या वकिलांचे उत्तर आले की बांधकाम सुस्थितीत होते आणि आमच्या अशिलाची कोणतीही जबाबदारी नाही. विम्याबद्दल त्यात अक्षर नव्हते. असण्याची सक्तीही नव्हती.

बाईंनी बचत गटातून कर्ज काढले, कोर्ट फी भरली आणि दावा दाखल केला. कैफियतीतही विम्याचा उल्लेख नव्हता. तारखा पडत राहिल्या. काही वर्षांनी मालकांच्या उलटतपासणीच्या वेळी, कार्यालयाचे उत्पन्न दाखवण्यासाठी त्यांनीच हजर केलेल्या हिशेबाच्या खतावणीत माझी नजर एका ओळीवर अडकली. वीजबिल आणि जनरेटरच्या डिझेलच्या मध्ये लिहिले होते: ‘विमा हप्ता, पब्लिक लायबिलिटी’. पुढे रक्कम, त्यापुढे धनादेशाचा क्रमांक. अपघात झाला त्याच वर्षातली ती नोंद होती.

कंपनीला सामील करून घेण्याचा अर्ज केला, तो मंजूर झाला. कंपनीचे उत्तर छोटे होते. अपघात घडल्यावर ताबडतोब लेखी खबर देण्याची अट पॉलिसीत आहे, विमाधारकाने ती खबर दिली नाही, इतक्या वर्षांनी चौकशी करणे शक्य नाही, म्हणून कंपनी जबाबदार नाही. मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पुढच्या वर्षी हप्ता वाढेल म्हणून कळवले नाही, आणि पुढे विसरूनच गेलो. शेवटी मालकांनी थोडी रक्कम हप्त्याहप्त्याने द्यायची अशी तडजोड झाली. आचाऱ्याच्या उरलेल्या आयुष्याला ती पुरणारी नाही.

आपण कायदे करणारी माणसे आहात, म्हणून कंपनीच्या या उत्तरातली मेख आपल्या ध्यानात यावी अशी माझी इच्छा आहे. पॉलिसी चालू होती आणि हप्ताही भरलेला होता. खबर देण्याचे काम ज्याचे, त्याला ती देण्यात रस नव्हता. ज्या बाईला रस होता, तिला कंपनीचे नाव ठाऊक नव्हते. पहिल्या नोटिशीच्या उत्तरात ते नाव मिळाले असते, तर तिने स्वतः दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला कळवले असते. एकाच्या गप्प बसण्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो आणि त्याला दाद नाही. डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापरीक्षक यांच्यासाठी ज्या व्यावसायिक जबाबदारीच्या पॉलिसी असतात, त्यांत तर अनेकदा आणखी कडक बंधन असते. ज्या वर्षी दावा येतो आणि कळवला जातो, त्याच वर्षाची पॉलिसी तो उचलते. वर्ष उलटले की संरक्षण गेले. आणि त्यातल्या काही पॉलिसींत अशीही अट घातलेली असते की कंपनीच्या संमतीशिवाय विमा असल्याचे बाहेर सांगायचे नाही.

कुणी म्हणेल, दावा लावल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेत कागदपत्रे मागवण्याची तरतूद आहेच. आहे. पण दावा लावल्यानंतर. त्याआधी मुदतीचे काटे फिरत असतात. मुदत कायद्यानुसार प्राणघातक अपघाताच्या भरपाईचा दावा वारसांनी मृत्यूपासून दोन वर्षांत लावावा लागतो. ग्राहक आयोगाकडेही दोनच वर्षे. समोरच्याकडे द्यायला काही आहे की नाही, हे न कळता गरीब माणसाने कोर्ट फी भरायची, वकील लावायचा, वर्षे घालवायची. हुकूमनामा झाला की पुन्हा वसुलीची दरखास्त. जप्तीला गेल्यावर कळते की जागा भाड्याची आहे आणि गाडी मुलाच्या नावावर आहे. विमा आहे आणि किती आहे हे आधी कळले असते तर यातले कितीतरी दावे कोर्टाची पायरी न चढता मिटले असते. आणि विमा नाहीच असे कळले असते, तर त्या माणसाने निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला असता.

विमा असूनही माहिती न पोहोचण्याचे दुसरे उदाहरण म्हणून स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर घ्या. सरकारी तेल कंपन्या दरवर्षी सार्वजनिक जबाबदारी विमा काढतात. त्याचा वेगळा हप्ता ग्राहकाकडून घेतला जात नाही. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी प्रत्येकी 6 लाख रुपये, उपचारांसाठी एका अपघातामागे एकूण 30 लाख आणि माणशी जास्तीत जास्त 2 लाख, ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानासाठी 2 लाखांपर्यंत, अशी ती तरतूद आहे. ग्राहकाने वितरकाला लेखी कळवायचे, वितरकाने तेल कंपनीला, तिने विमा कंपनीला. आपल्या मतदारसंघातल्या कोणत्याही चाळीत जाऊन विचारा, हे किती जणांना माहीत आहे. खरी माहिती पोहोचत नाही म्हणून तिच्या जागी मोबाइलवर 40 लाख, 50 लाख मिळतात असे खोटे निरोप फिरतात. मग स्फोट झालेल्या घरातली माणसे 50 लाखांच्या आशेने एखाद्या दलालाच्या मागे लागतात आणि हक्काच्या 6 लाखांसाठीचा साधा अर्ज वितरकाकडे द्यायचा राहून जातो.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आपण 1991 मध्ये सार्वजनिक जबाबदारी विमा कायदा केला. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना विमा सक्तीचा केला. अपघात झाल्यावर जिल्हाधिकाऱ्याने खातरजमा करून लोकांकडून अर्ज मागवण्यासाठी प्रसिद्धी द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात तिसरा माणूस होता, हे उघड आहे. पण त्या कायद्याच्या मूळ परिशिष्टात माणसाच्या मृत्यूची रक्कम 25,000 रुपये होती आणि तो आकडा कितीतरी वर्षे तसाच पडून राहिला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी स्फोट झाले. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचांचा खच पडला. त्या इमारतीत राहणाऱ्याला शेजारच्या कारखान्याचा विमा कोणाकडे आहे, तो चालू आहे का, हे कळण्याची साधी, हमखास वाट नाही.

आणि मुंबईतले घाटकोपर. 13 मे 2024 ला वादळी वाऱ्यात छेडानगरचा तो अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली. सरकारने सानुग्रह मदत जाहीर केली. ती द्यायलाच हवी होती. पण सानुग्रह म्हणजे सरकारची मेहेरबानी, आणि ती करदात्याच्या पैशातून. फलक उभारणाऱ्याने किंवा जागा देणाऱ्याने विमा काढला होता का, परवानगी देताना घातलेल्या अटींत तो होता का, असल्यास कोणाचा, हा प्रश्न मृताच्या भावाने विचारला तर त्याला उत्तर देणे बंधनकारक करणारा कायदा आपल्याकडे नाही. फलक म्हणजे घातक रसायन नव्हे, म्हणून 1991 चा कायदा नाही. चाकांवर नव्हता, म्हणून मोटारीचा नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये 1969 च्या कायद्याने मालकाला कामगारांसाठी जबाबदारी विमा सक्तीचा झाला आणि त्याचे प्रमाणपत्र कामगारांना दिसेल असे ठेवायला सांगितले. तरीही ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कारखाना बंद, मालक गेलेला, विमा कोणाकडे होता ते सांगायला कुणी नाही. मरणाच्या दारातले कामगार जुन्या पॉलिसी शोधत फिरू लागले, तेव्हा 2011 मध्ये तिथे मालकांच्या विम्याचा शोध घेणारे कार्यालय सुरू झाले. विमा कंपन्यांनी आपल्या पॉलिसींची नोंद तिथे द्यायची आणि कामगाराने तिथे शोध घ्यायचा. त्याखेरीज दिवाळखोर विमाधारकाच्या कंपनीकडे थेट जाण्याचा आणि माहिती मागण्याचा हक्क देणारा 2010 चा कायदा तिथे 2016 मध्ये अमलात आला. माहिती मागितल्यावर 28 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत तर प्रतिवादीने दाव्याच्या सुरुवातीलाच, न मागता, विम्याचा करार दाखवायचा असतो. न्यूयॉर्क राज्याने 31 डिसेंबर 2021 ला त्याहून कडक कायदा केला. विमा काढताना भरलेला अर्जसुद्धा द्या, 60 दिवसांत द्या, असे त्यात होते. ते झेपणारे नव्हते. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी 2022 मध्ये दुरुस्ती करून अर्जाची अट काढली आणि मुदत 90 दिवस केली. यातून मी एवढेच घेते की मागणी आटोपशीर ठेवावी. सगळी कागदपत्रे मागितली तर कंपन्या त्या ओझ्याकडे बोट दाखवून मूळ हक्कच लांबवतील.

म्हणून मी मागते ते थोडे आहे. दावा सांगणाऱ्याची लेखी नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, तिचा कालावधी, संरक्षणाची कमाल रक्कम आणि त्यातली आधीच्या दाव्यांत किती संपली, हे कळवावे. विमा नसेल तर तसे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. हीच जबाबदारी कंपनीवरही असावी, म्हणजे मालक गप्प राहिला तरी वाट बंद होणार नाही. दावा सांगणाऱ्याने कंपनीला दिलेली खबर ही विमाधारकाने दिलेली खबर धरावी. आचाऱ्याच्या बायकोचा दावा याच एका वाक्यावर वाचला असता. माहिती दडवली तितका काळ मुदतीतून वगळावा. विमा असल्याचे सांगू नका, ही पॉलिसीतली अट अशा दावेदारापुरती निरर्थक ठरावी. आणि मोटार विम्याची नोंद ठेवणारा ब्यूरो आहेच, त्याच्याकडे सक्तीच्या जबाबदारी विम्याची नोंदही सोपवावी. परवान्यावर चालणाऱ्या प्रत्येक मंगल कार्यालयात, तरणतलावावर, लिफ्टपाशी विमा कंपनीचे नाव लिहिलेली पाटी लावणे हे तर महिनाभराचे काम आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की विम्याची रक्कम कळली की लोक तेवढीच मागतील. मोटार अपघातात विमा असल्याचे सगळ्यांना माहीत असते, तरी भरपाई ठरते ती मृताचे वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे यांवरून. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा आणि 2017 मध्ये प्रणय सेठी या निकालांत त्याचे गणितच घालून दिले आहे. न्यायाधीश पॉलिसी पाहून नुकसान मोजत नाहीत. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. मी ही माहिती चव्हाट्यावर मांडायला सांगत नाही. पाटीवर फक्त कंपनीचे नाव असावे. रक्कम आणि क्रमांक ज्याचे नुकसान झाले त्यालाच मिळावेत, आणि त्याने त्यांचा वापर दाव्यापुरता करावा, अशी अट कायद्यातच घाला. विमा उघड केला तर चूक कबूल केली असे धरले जाईल, ही डॉक्टरांची भीती मला समजते.  पण विमा आहे हे सांगणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, हेही कायद्यात लिहिता येईल, आणि ते लिहावेच.

शुक्रवारी दुपारनंतर लोकसभेत खासगी विधेयकांना वेळ असतो. आपल्यापैकी कुणी एकाने हा मसुदा मांडला आणि बाकीचे पक्ष विसरून पाठीशी उभे राहिले, तर सरकारला त्यावर बोलावे लागेल. विधेयकाला वेळ लागणार असेल तर येत्या अधिवेशनात अर्थमंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारा: मोटार वाहन कायद्याच्या कलम 152 मधला हक्क इतर अपघातांतल्या जखमींना देण्यास सरकारची हरकत काय? गृह आणि परिवहन खात्यांकडून हेही मागवा की हक्कांचा तो छापील नमुना आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती जणांच्या हातात दिला गेला. पोलिस ठाण्यानिहाय आकडे मागा, राज्याचा एकत्र आकडा घेऊ नका.

मसुद्याची कलमे मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवली आहेत. आपल्या कार्यालयातून कुणीही मागितली तर त्याच दिवशी पाठवीन, आणि त्यावर बोलायला दिल्लीला स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालयात काम करणारी एक वकील